सत्ताविसाव्या आठवड्यातले खरकटे कप

१

सोमवारी सकाळी वाचनकक्ष उघडला नाही.

जुलै २००५, परीक्षांचे दिवस. डार्मश्टाटमधल्या आमच्या संस्थेच्या काचेच्या दारासमोर पोरं पायऱ्यांवर बसली होती. पहिल्याने दार ढकलून पाहिलं होतं. मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी प्रयोग स्वतः केल्याशिवाय निष्कर्ष मानत नाहीत.

वाचनकक्षाच्या प्रमुख फ्राउ राइनहोल्ट आल्या, स्वतःच्या किल्लीने दार उघडलं आणि कोट न काढता कॉम्प्युटरपाशी गेल्या. मी शेजारच्या प्रयोगशाळेत काम करते. आवाज ऐकून मीही आत गेले होते.

"स्वरूपा," त्या स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाल्या. "उघडण्याची शिफ्ट तिची. तिने ती कन्फर्म केली आहे. आणि ती कुठे आहे?"

स्वरूपा कोलोनला होती. तिची आई सांगलीहून पहिल्यांदाच जर्मनीत आली होती, मालिनीमावशीकडे उतरली होती, आणि लेक तिला भेटायला गेली होती. ही गोष्ट संस्थेतल्या सगळ्या मराठी मुलांना माहीत होती, कारण येताना आईच्या हातचं लोणचं आणायचं असं तिने सगळ्यांना कबूल केलं होतं.

दुपारपर्यंत तिला मेल गेली. गुरुवारच्या बैठकीत समाधानकारक खुलासा झाला नाही, तर ऑगस्टपासून हिवीचा करार मिळणार नाही. हिवी म्हणजे संस्थेत थोडे तास काम करणारा विद्यार्थी. करार गेला की संस्थेतलं टेबल जातं, आणि स्वरूपाचा मास्टर्सचा प्रबंध त्याच टेबलावर अर्धा लिहून पडला होता.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"अहिल्याताई, मी काहीच कन्फर्म केलेलं नाही हो. मी गौरांगदादाला स्पष्ट सांगितलं होतं, सत्तावीसला मी नाही, अठ्ठावीसचा सोमवार माझा."

"नक्की हेच आकडे?"

"आईच्या तिकिटाशी ताडून बघितले होते. आता आई शेजारी बसून विचारतेय, चोरी केलीस का म्हणून. काय सांगू?"

सत्तावीस, अठ्ठावीस हे आठवड्यांचे नंबर. जर्मन ऑफिसात तारीख कोणी बोलत नाही. वर्षाच्या आठवड्यांना नंबर असतात आणि सगळं काम त्या नंबरांवर चालतं. फ्राउ राइनहोल्ट तर म्हणायच्या, तारखा दाताच्या डॉक्टरसाठी असतात.

मी पदार्थविज्ञान शिकले आणि इथे मोजमापाची उपकरणं तपासते. दोन उपकरणांनी दोन आकडे दाखवले, तर त्यातलं सज्जन कोणतं हे मी विचारत नाही. दोन्ही उघडते.

२

पहिलं उपकरण गौरांग. मंगळवारी मी त्याच्याकडे गेले.

गौरांग पीएच.डी. करत होता. पाचव्या वर्षीही करतच होता. मधल्या काळात त्याने स्वतःला संस्थेचा 'सॉफ्टवेअरमधला माणूस' करून घेतलं होतं. आतापर्यंत शिफ्ट एका पांढऱ्या फळ्यावर रंगीत चुंबकांनी लावल्या जायच्या. चुंबक कधी चुकले नाहीत. अर्थातच ते बदलायचं ठरलं. हिवींच्या शिफ्टसाठी ऑनलाइन सॉफ्टवेअर निवडायचं काम गौरांगकडे आलं.

उमेदवार तीन: एक जर्मन, दिसायला करवसुलीच्या खात्यासारखं, एक अमेरिकन, गुळगुळीत, आणि एक आमच्याच ओजसने घरी बसून लिहिलेलं. गौरांगने एक तक्ता केला होता. त्यात निकष होते, निकषांना वजनं होती, आणि वजनं अशी होती की अमेरिकन सॉफ्टवेअरने हरायचं ठरवलं असतं तरी जमलं नसतं. गुरुवारी बैठकीत तो ते सादर करणार होता. तोवर चाचणी म्हणून या आठवड्याचा प्लॅन त्याच्यावर लावला होता.

"ये अहिल्या, बस. आल्झो, म्हणजे तू कशाला आलीस ते मला माहितीये."

"मग माझे श्रम वाचव. बोल."

"स्वरूपाचं वाईट वाटतं गं. पण सिस्टिम खोटं बोलत नाही."

"सिस्टिमला खरं कोण सांगतं?"

"मी. कॉफीच्या वेळी सगळ्यांनी मला आठवड्याचा नंबर सांगितला, मी भरत गेलो. मग प्रत्येकाला बंद पाकिटात पासवर्ड दिला. ज्याने त्याने आत जाऊन आपली शिफ्ट कन्फर्म केली. पहिल्याच आठवड्यात शंभर टक्के कन्फर्मेशन! जर्मन सॉफ्टवेअरला जन्मात जमणार नाही."

"शंभर टक्के? या पोरांनी? ही पोरं वाढदिवसाच्या केकलासुद्धा सगळी येत नाहीत."

"तेच तर सांगतोय. चांगलं सॉफ्टवेअर माणसाला शिस्त लावतं."

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. वर आठवडा सत्तावीस. पहिला रकाना सोमवार, त्यात सकाळी स्वरूपा, नावापुढे हिरवी खूण. शेवटचा रकाना रविवार.

"हे सेट केल्यावर कुणी काही बदललंय?"

"पहिल्या दिवसापासून हात लावलेला नाही. गेनाऊ, अगदी असंच होतं." मग तो जरा जवळ सरकला. "एक सांगू? ऊर्मिलाला विचार. स्वरूपाचा पासवर्ड कुठे असतो ते तिला माहितीये. आणि सोमवारची शिफ्ट मुळात कुणाची होती तेही विचार."

एरवी गौरांग कुणाचं नाव घेताना स्वतःचंही जोडीला घेतो. या वेळी घेतलं नाही.

३

ऊर्मिला आणि स्वरूपा एकाच फ्लॅटमध्ये राहत. दोघींना पुढच्या सत्रात तेच टेबल हवं होतं. त्यामुळे दोघी एकमेकींशी फार गोड वागत.

ऊर्मिलाने दार उघडलं. स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर चुंबकाखाली एक चिठ्ठी लटकत होती. स्वरूपाचं नाव, खाली पासवर्ड.

"हे इथे?"

"तिला लक्षात राहत नाही. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण वाचतो. परवा कुणीतरी त्याच्यावरून गाणं केलं."

"सत्तावीसचा सोमवार कुणाचा होता, ऊर्मिला?"

ती अजिबात दचकली नाही. "माझा. गौरांगला मीच सांगितला होता. पण शुक्रवारी मी पुढच्या आठवड्याचा प्लॅन उघडला तर माझ्या जागी स्वरूपा. मी म्हटलं बदललं असेल, आणि झोपले."

"ती कोलोनला चाललीये हे तुला माहीत होतं. तिची बॅग तूच जिन्यावरून उतरवलीस."

"होतं की."

"मग विचारावंसं वाटलं नाही?"

"मी कशाला विचारू? इथे आल्यापासून एक शिकले. प्लॅनवर नाव नाही म्हणजे काम नाही. जास्तीची काळजी करायची पद्धत आपल्याकडची."

अशी माणसं परदेशात यशस्वी होतात. मी तसं बोलले नाही. विचारलं, "प्लॅन वापरायला कसा वाटला?"

"मस्त. आधी रविवार, मग सोमवार, आपल्या घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा. या देशातली पहिली गोष्ट जी मला न शिकवता कळली."

हे वाक्य मी जसंच्या तसं लक्षात ठेवलं.

खाली उतरताना हिशोब मांडला. ऊर्मिलाकडे हेतू होता, पासवर्ड होता, आणि सोमवारी झोपही तिलाच मिळाली. तिने आपली शिफ्ट स्वरूपाच्या गळ्यात घातली, स्वरूपाच्या नावाने कन्फर्म केली, संपलं. फ्राउ राइनहोल्टना हे दोन मिनिटांत पटलं असतं.

इतकं सगळं एका जागी सापडलं की मला संशय येतो. आणि तो संशय दुसऱ्या दिवशी संस्थेच्या स्वयंपाकघरातल्या वासाने पक्का झाला.

४

सिंक कपांनी भरलं होतं. सोमवारपासूनचे कप, वर दुधाची साय, एका कपात सिगारेटचं थोटूक. ओजस तिथेच उभा राहून शेवटच्या स्वच्छ कपातून कॉफी पीत होता. चेहऱ्यावर समाधान होतं. अमेरिकन सॉफ्टवेअरची बदनामी झाली की त्याच्या घरगुती प्रोग्रॅमला भाव येणार होता, आणि ते लपवण्याचेही कष्ट तो घेत नव्हता.

"ताई, हरला ना अमेरिकन?"

"हे कप कुणाचे?"

"वादग्रस्त आहेत."

"ओजस, नीट बोल."

"या आठवड्याची धुण्याची पाळी माझी ठरली होती. सत्तावीस. पण प्लॅनवर आपल्या जर्मन टोबियासचं नाव आहे. टोबियास म्हणतो, मी अठ्ठावीस सांगितलं होतं, मी हात लावणार नाही. मी म्हणतो, प्लॅनवर माझं नाव नाही, मीही लावणार नाही. दोघंही तत्त्वाची माणसं आहोत."

"दोन तत्त्वनिष्ठ आणि एक घाणेरडं सिंक. आणखी काही चुकलंय प्लॅनवर?"

"आणखी? शनिवारी मोहन आहे."

"कोण, आपला मोहन? तो मे महिन्यातच एर्लांगेनला गेला ना, इंटर्नशिपला?"

"तोच. यादी जुनीच उचलली असणार. माझ्या प्रोग्रॅममध्ये असं झालं नसतं. आणि त्याच्यापुढेही हिरवी खूण आहे बघा. शनिवारी रिजनल ट्रेनने येत असेल, आपल्यावरच्या प्रेमापोटी."

मी सिंककडे बघत राहिले. ऊर्मिलाने सोमवारची पहाट स्वरूपावर ढकलली असेल, हे मी समजू शकते. पण मग ओजसचे खरकटे कप टोबियासवर कुणी ढकलले? ओजसने? मग त्याने ते मला इतक्या अभिमानाने सांगितलं नसतं. शिवाय दोन्ही बदल एकाच दिशेने होते. सत्तावीसची माणसं गायब, त्यांच्या जागी अठ्ठावीसची. माणूस चोरी करतो तेव्हा आपल्या सोयीची एक वस्तू उचलतो. सगळंच्या सगळं एका घराने सरकवत नाही. तसं फक्त चुकीचं लावलेलं उपकरण करतं.

बाकीच्या पोरांच्या लक्षात का आलं नाही तेही कळलं. त्यांच्या शिफ्ट दर आठवड्याला त्याच. गाडी रोज त्याच वेळेला सुटत असेल, तर कालची गाडी आली की आजची, कोण बघतं? बदलणारे आठवडे होते फक्त स्वरूपा-ऊर्मिलाचे. आणि कपांचे.

म्हणजे चूक होती. पण चूक हिरवी खूण करत नाही.

मी एर्लांगेनला फोन लावला.

"मोहन, शनिवारची शिफ्ट तू कन्फर्म केलीस?"

"कसली शिफ्ट? ताई, मी इथे सीटी स्कॅनरच्या पोटात शिरलोय. तिकडे वाचनकक्षात मी कशाला येऊ?"

"नवीन सॉफ्टवेअरचा पासवर्ड मिळाला होता?"

"मला कोण देणार? मेमध्ये किल्ली परत घेतली तेव्हा फ्राउ राइनहोल्टनी मला टाटासुद्धा केलं नाही."

स्वरूपाची चिठ्ठी फ्रिजवर होती, सगळ्या गावाने वाचली होती. मोहनची चिठ्ठी मात्र कुणालाच मिळाली नव्हती. ती ज्याने तयार केली त्याच्याच टेबलात असणार होती.

रात्री स्वरूपा परत आली, लोणच्याची बरणी छातीशी धरून. डोळे सुजलेले होते.

"ताई, मी उद्या सरळ माफी मागते. आई म्हणते, वाकल्याने काही मोडत नाही."

"आईंना सांग, उद्या वाकायची पाळी तुझी नाही. तू फक्त बस. आणि गौरांगला त्याचं भाषण पूर्ण करू दे."

"त्याचं भाषण? त्याचा माझ्याशी काय संबंध?"

"त्याला भाषणात चित्रं दाखवायची हौस आहे," मी म्हटलं. "मी त्या हौसेवर भिस्त ठेवून आहे."

५

गुरुवारची बैठक. फ्राउ राइनहोल्ट, आम्ही सगळे, प्रोजेक्टर, आणि इस्त्रीचा शर्ट घातलेला गौरांग.

त्याने निकष दाखवले. वजनं दाखवली. शंभर टक्के कन्फर्मेशन मोठ्या अक्षरात दाखवलं आणि त्यावर थोडा वेळ थांबला, टाळ्यांसाठी जागा ठेवल्यासारखा. मग म्हणाला, "आणि हा आपला खराखुरा प्लॅन, शुक्रवारी घेतलेला," आणि स्क्रीनचं छायाचित्र भिंतीवर आलं. पुढच्या क्षणी तो पुढे सरकणार होता.

"मागे घे," मी म्हटलं.

"प्रश्न शेवटी, अहिल्या."

"फ्राउ राइनहोल्ट, हे चित्र जरा वाचाल का? नुसतं वाचा."

त्यांनी चष्मा लावला. आठवडा अठ्ठावीस, रविवार तीन जुलै ते शनिवार नऊ जुलै. मला पुढे बोलावंच लागलं नाही.

"थांबा. रविवार आठवड्याच्या सुरुवातीला काय करतो आहे?" त्यांचा आवाज चढला. "आणि चार जुलै म्हणजे सत्तावीस! अठ्ठावीस कुणी लिहिलं?"

"अमेरिकेने," मी म्हटलं. "तिथे आठवडा रविवारी सुरू होतो आणि एक जानेवारी ज्या आठवड्यात येते तो पहिला. यंदा एक जानेवारी शनिवारी आली. त्यांनी तो एकुलता एक शनिवारही आठवडा म्हणून मोजला. तुम्ही मोजत नाही. म्हणून वर्षभर त्यांचा नंबर तुमच्यापेक्षा एकने पुढे आहे. स्वरूपा म्हणाली अठ्ठावीस, गौरांगने अठ्ठावीस उघडला, आणि ती सत्तावीसमध्ये जाऊन पडली. टोबियासही. कप अजून सिंकमध्ये आहेत, बघून या."

"पण रविवार पहिला आहे हे कुणालाच खटकलं नाही?" फ्राउ राइनहोल्टना हे खरोखर समजत नव्हतं.

"तुम्हाला खटकलं असतं, टोबियासलाही. तुम्ही दोघांनी तेव्हा उघडून पाहिलं नाही. आम्ही पाहिलं, पण आमच्या घरी भिंतीवरचं कॅलेंडर रविवारीच सुरू होतं. आम्हाला ते ओळखीचं वाटलं. जर्मन माणसाच्या डोळ्यात जे शिरलं असतं, ते आमच्या डोळ्यांसमोरून घरचं म्हणून निघून गेलं."

गौरांग घाईने हसला. "हो, हो, बरोबर आहे, छोटीशी सेटिंगची चूक. असं चाचणीत होतंच."

"होतं. शुक्रवारपर्यंत ती चूकच होती. पण आज साइटवर सोमवार पहिला आहे आणि त्याच आठवड्यावर सत्तावीस लिहिलंय. मंगळवारी तू मला म्हणालास, हात लावलेला नाही. सोमवारी गोंधळ झाल्यावर तुला कारण कळलं, आणि तू सेटिंग बदललंस. नंबर बदलला, नावं जागच्या जागी राहिली. त्यामुळे आता स्वरूपाने सत्तावीसच निवडला होता असं दिसतं. साइट साफ केलीस. आपलं सुंदर चित्र साफ करायचं मात्र राहिलं."



"तरी तिने कन्फर्म केलं होतं," गौरांग म्हणाला. आता तो मराठीत बोलत होता, फक्त माझ्याशी. "त्याचं काय? पासवर्ड फ्रिजवर होता, ऊर्मिलाने..."

"ए, माझं नाव घ्यायचं नाही हं," ऊर्मिला म्हणाली.

"जर्मनमध्ये बोल गौरांग, सगळ्यांना ऐकू दे," मी म्हटलं. "स्वरूपाची खूण कुणीही केली असेल. मोहनची कुणी केली?"

त्याने प्रोजेक्टर बंद करायला हात पुढे केला.

"मोहन एर्लांगेनला आहे. त्याला पाकीट मिळालेलं नाही. तरी शनिवारच्या त्याच्या शिफ्टपुढे हिरवी खूण आहे. त्याचा पासवर्ड या खोलीत एकाच माणसाकडे आहे. तुला शंभर टक्के हवे होते, आणि पोरं आळशी. म्हणून तू सगळ्यांच्या नावाने आत जाऊन खुणा केल्यास. हजर नसलेल्या माणसाचीसुद्धा. निदान यादी तरी वाचायचीस."

"ते नुसतं क्लिक होतं," तो पुटपुटला. "आकडा चांगला दिसावा म्हणून. कुणाचं वाईट करायचं नव्हतं मला."

यावर माझा विश्वास आहे. कुणाचं वाईट करण्याइतका विचार त्याने दुसऱ्या माणसाचा कधी केलाच नव्हता. सोमवारपासून चार दिवस एक मुलगी आपल्या आईसमोर खोटी ठरत होती आणि हा भिंतीवर टाळ्यांसाठी जागा ठेवत होता.

फ्राउ राइनहोल्टनी चष्मा काढला. माफी त्यांनी मागितली नाही. आकडे चुकीचे होते, त्या नव्हत्या. गौरांगला त्यांनी एवढंच सांगितलं, की कप त्याने धुवायचे, आज, आणि प्लॅन पुन्हा तयार होईपर्यंत रोज. ओजस मोठ्याने हसला. त्यांनी त्यालाही पुसायला लावलं.

सॉफ्टवेअर मात्र अमेरिकनच घेतलं. तक्त्यात त्याला सर्वांत जास्त गुण होते, आणि फ्राउ राइनहोल्टनी ती बेरीज स्वतः तपासली होती. बरोबर होती.

बैठक संपल्यावर त्यांनी स्वरूपाला थांबवून घेतलं. कराराचा कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं.

"तर मग, स्वरूपा. एकतिसाव्या आठवड्यापासून."

स्वरूपाने पेन घेतलं नाही. लोणच्याची बरणी टेबलावर ठेवली, दोन्ही हात मांडीवर घेतले.

"तारीख लिहा, फ्राउ राइनहोल्ट," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग कागद परत स्वतःकडे वळवला आणि सावकाश, शाळेतल्या अक्षरात लिहिलं: सोमवार, एक ऑगस्ट.